गरज की हौस?

दळवीकाका कुणाच्याही घरात शिरले की आधी वर बघायचे, पंख्याकडे. पंखा फिरतोय आणि त्याखाली कुणी बसलेलं नाही असं दिसलं, की चपला काढायच्या आधी ह्यांचा हात बटणावर. मग घर स्वतःचं असो, माझं असो, नाहीतर आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवलेलं असो. एकदा मी काळ्या ब्लाऊजला हुक लावत बसले होते, तर हे आले आणि माझी ट्यूबलाइटच बंद केली.

"अहो काका! काळ्यावर काळा दोरा आहे, दिसत नाहीये मला!"

"दिवसाढवळ्या ट्यूब? खिडकीपाशी बस की." आणि मग मान जराशी वाकडी करून तो प्रश्न, "वैशाली, ही गरज आहे की हौस?"

गरज की हौस! देवा रे देवा, किती वेळा ऐकला असेल मी हा प्रश्न! जगातल्या सगळ्या वस्तूंची त्यांनी या दोन डब्यांत वाटणी करून टाकली होती. चहा गरज, चहातली साखर हौस. छत्री गरज, घडी होणारी छत्री हौस. वाढदिवस तर हौसेच्याही पलीकडचा, कारण "त्यात त्या माणसानं स्वतः काय केलं?" दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेनं दाराला तोरण लावलं, तर हे त्या तोरणाकडे इतक्या काळजीनं बघत उभे राहिले की ती बिचारी घाबरून म्हणाली, "काका, माहेरून आलंय, विकत नाही घेतलं." तेव्हा कुठे ह्यांचा चेहरा उजळला.

काका मूळचे संगमेश्वरकडचे. तरुणपणी मुंबईत आले आणि बिस्किटांच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून रिटायर झाले. तिथे म्हणे नवा खिळा मागायला येणाऱ्याला आधी वाकडा झालेला जुना खिळा दाखवावा लागायचा. हे ते अभिमानानं सांगायचे, बरं का. अंगकाठी त्या खिळ्यासारखीच. मनगटावर घड्याळाच्या जागी रबरबँड, भाजीच्या जुडीचे, मिठाईच्या खोक्याचे, जिथून मिळतील तिथले. टूथपेस्ट संपली की ती ट्यूब उभी चिरून आतली पेस्ट ब्रशनं पुसून घ्यायचे, आणि चिरायला कात्री कुठली? माझी! माझी कापडाची कात्री! त्या दिवशी मी अशी तापले होते की दार लावून घेतलं. संध्याकाळी कात्रीला धार लावून आणून दिली त्यांनी, स्वतः, पायरीच्या दगडावर. त्यामुळे ती कायमची बाद झाली.

पण एक कबूल करते. माणूस खोटा नव्हता. जे दुसऱ्याला सांगायचे ते आधी स्वतः करायचे, आणि त्यामुळेच तर सगळी पंचाईत झाली.

आमची सोसायटी जेसल पार्कात, नाव सागरलहर. सागर कुठूनही दिसत नाही. खाडीचा एक तुकडा दिसतो, तोही सातव्या मजल्यावरून, म्हणजे दळवींच्याच गॅलरीतून. आता या माणसाच्या हातात अख्खी इमारत कशी गेली, तर कारंज्यामुळे.

आमचे आधीचे चेअरमन होते सावंत. त्यांना देखाव्याची भारी हौस. त्यांनी गेटच्या आत कारंजं बांधलं, सिमेंटचे दोन डॉल्फिन, तोंडं वर करून एकमेकांना जणू ओरडतायत, आणि खाली रंगीत दिवे. उद्घाटनाला बँड, फित, भाषणं आणि सगळ्यांना गरमागरम समोसे. कारंजं उडालं, सगळ्यांच्या अंगावर तुषार आले, आम्ही टाळ्या वाजवल्या. समोसे संपेपर्यंत कारंजं चाललं. मग खालून जळल्याचा वास आला आणि ते थांबलं, ते कायमचं. पंप गेला, आणि त्याच्यासोबत सोसायटीची सगळी गंगाजळीही गेली, गच्चीच्या दुरुस्तीसाठी जमवलेली. पुढच्याच महिन्यात सावंत मीरा रोडला नव्या टॉवरमध्ये राहायला निघून गेले. डॉल्फिन इथेच राहिले. आमचे वॉचमन पांडेजी त्यातल्या एकाच्या शेपटीवर लुंगी वाळत घालायला लागले.

नव्या खजिनदाराच्या निवडीला मीटिंग भरली, तेव्हा जो तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. दळवीकाका उठले.

"कारंजं सावंतांनी बांधलं, मान्य. पण टाळ्या कुणी वाजवल्या? समोसे कुणी खाल्ले?" सगळीकडे नजर फिरवली. "आपण सगळ्यांनी. ऐपत नसताना चैन केली. आता सगळ्यांनी सोसायचं. थोडं सोसलं की शिस्त लागते."

काय सांगू! जो तो आपापला समोसा आठवायला लागला. माझ्या शेजारी पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेन बसल्या होत्या, त्यांचा खाकरा-फरसाणचा घरगुती धंदा. त्या माझ्या कानात रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "वैशालीबेन, मैंने तो दो खाए थे." मी एकच खाल्ला होता, पण चटणी पुन्हा मागून घेतली होती. आम्हाला वाटलं, खरंच की, पाप तर आपलंच आहे. सावंतांचं नाव पुन्हा कुणी काढलंसुद्धा नाही. काका बिनविरोध निवडून आले.

मग सुरू झालं. जिन्यातला एकाआड एक दिवा निघाला, त्यामुळे आम्ही एका मजल्यावर दिसायचो आणि पुढच्यावर गायब व्हायचो. सत्यनारायणाच्या प्रसादाचा चमचा बदलला, नव्या चमच्यानं आमच्याकडे बाळाला औषध पाजतात. लिफ्टच्या आतला पंखा काढला. लिफ्टचं सर्व्हिसिंग करणारा माणूस बंद केला. "दर महिन्याला येतो, तेल घालतो, चहा पितो आणि जातो. लिफ्ट चालतेय ना? मग तेल ही गरज आहे की हौस?"

आणि मग आला तो नियम. कुठल्याशा लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर काकांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं आणि लिफ्टच्या जाळीशेजारी चिकटवलं: तीन माणसं जमल्याशिवाय लिफ्ट वापरू नये. पांडेजींच्या गळ्यात शिट्टी अडकवली. एकटादुकटा लिफ्टमध्ये शिरला की शिट्टी!

आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. भर दुपारी खाली लिफ्टपाशी दोन माणसं उभी आहेत, घामाघूम, हातात पिशव्या, आणि गेटकडे डोळे लावून बसलीत की देवा, तिसरं माणूस पाठव. तिसरं माणूस आलं की काय त्याचं स्वागत! ज्यांच्याशी वर्षानुवर्षं पार्किंगवरून भांडण, त्यांनासुद्धा "या या या, तुमचीच वाट बघत होतो." माझ्या ब्लाऊजवाल्या गिऱ्हाइकिणी खालीच तासभर थांबायच्या आणि वर येईपर्यंत एकीला दुसरीचं कापड आवडलेलं असायचं.

मग नियमाला फाटे फुटले. कडेवरचं मूल माणूस धरायचं का? काकांनी विचार केला आणि निकाल दिला, चालणारं धरायचं, कडेवरचं नाही. लगेच सगळ्या आया लिफ्टपाशी आल्या की पोरांना खाली उतरवून दोन पावलं चालवून पांडेजींना दाखवायला लागल्या. "देखो, चलता है!" वॉचमन धरायचा का? नाही, तो ड्यूटीवर आहे. आणि गॅसचा सिलिंडर? इथे काका फसले. सिलिंडर जड, जिन्यानं कोण नेणार, आणि सिलिंडर ही तर शंभर टक्के गरज. तेव्हा सिलिंडर एक माणूस धरायचा, असं ते बोलून बसले.

दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी एक रिकामा सिलिंडर येऊन उभा राहिला. कुणाचा, कुणी आणला, आजतागायत कळलं नाही. तो दिवसभर वर-खाली करायचा. कॉलेजच्या दोन मुली वर चालल्या, सोबत सिलिंडर. नवरा-बायको बाजारात चालले, सोबत सिलिंडर. आमच्या इमारतीत सगळ्यात जास्त फिरलेलं माणूस म्हणजे तो. एकदा पोस्टमननं कुणाचा तरी पत्ता विचारला, तर पांडेजींनी सहज सिलिंडरकडे बोट दाखवलं, "उसके साथ चले जाओ." काकांना कळलं आणि सिलिंडर माणसातून उठला.

हसू नका, पण आम्ही वाईट पण झालो होतो. एकमेकांच्या पिशव्यांत डोकावायला लागलो होतो. कुणी पिझ्झा मागवला की जिन्यात कुजबुज, "बघा, गच्ची गळतेय आणि ह्यांना पिझ्झा सुचतोय." हंसाबेनच्या सुनेनं ऑनलाइन चपला मागवल्या, तर खोकं ओढणीखाली लपवून वर नेलं. काहीजण तर सोसण्याचाच तोरा मिरवायला लागले. "आम्ही तर महिनाभर लिफ्टचं तोंड बघितलं नाही," असं तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ सारखं सांगायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, तुम्ही महिनाभर गावाला होता."

काका स्वतः सातही मजले चढायचे. रोज, हातात पिशवी घेऊन. चौथ्या मजल्यावर माझ्या दाराशी थांबायचे, भिंतीला एक हात टेकायचे आणि म्हणायचे, "पाणी दे. अर्धाच पेला." मी पूर्ण भरून द्यायचे. ते अर्धा पिऊन उरलेलं माझ्या तुळशीला घालायचे.

आता काकू. मंजुळाकाकू पुलापलीकडच्या राई गावच्या. तिथे शेती, मासेमारी असं मिळून चालणारं मोठं घर त्यांचं. दळवीकाका तरुणपणी त्यांच्या बापाच्या खोलीत भाड्यानं राहायला गेले आणि घरमालकाची पोरगीच घेऊन बाहेर पडले. रत्नागिरीचा मुलगा, राईची मुलगी, म्हणजे त्या काळात केवढं वादळ झालं असेल! असल्या हिशेबी माणसानं असलं काहीतरी कसं केलं, हे कोडं मला कधी सुटलं नव्हतं. काकू तोंडानं मोकळ्या, हसऱ्या, आणि बोलणं अजून राईचंच. फक्त गुडघे गेलेले. जिन्याची एक पायरी म्हणजे त्यांना डोंगर.

सातव्या मजल्यावर बाकी दोनच घरं. एकाला बारा महिने कुलूप, मालक आखातात. दुसऱ्यात भाड्यानं राहणारी तीन मुलं, सकाळी जायची ती रात्री यायची. म्हणजे काकू वर एकट्या. काका धरून दोघं. आणि लिफ्टला हवीत तीन! तुम्हाला वाटेल, घरच्या माणसाला सूट दिली असेल. छे! मी एकदा बोलले तर म्हणाले, "माझ्याच बायकोला सूट दिली तर लोक काय म्हणतील? शिस्त घरापासून सुरू करायची असते."

"तुमची शिस्त माझ्या गुडघ्यांत बसलीय," काकू आतून ओरडल्या.

पण काकू काही रडत बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी दोरीला टोपली बांधली आणि गॅलरीतून खाली सोडायला सुरुवात केली. वीज नाही, तेल नाही, काकांना कौतुकच. टोपली खाली जायची, भाजीवाला मेथी ठेवायचा, टोपली वर. माझ्या खिडकीवरून जाताना दोरीला दोन झटके, म्हणजे "वैशाली, काहीतरी हाय." कधी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी असायची, कधी गॅलरीतल्या कुंडीतलं अबोलीचं फूल. मी त्यांचे दुरुस्त केलेले ब्लाऊज त्यात टाकायचे. हंसाबेन खाकरे टाकायच्या, आणि सुकट जवळून गेली की नाकाला पदर लावून हसायच्या. कितीतरी महिने आम्ही काकूंना पाहिलं नव्हतं, त्यांची टोपली तेवढी पाहिली होती.

अशात राईहून निरोप आला. काकूंच्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. राईला हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, आणि हळदीला लागते धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणून देवांना मांडवात बोलावणारी बाई. तिनं गायला सुरुवात केल्याशिवाय हळदीला कुणी हात लावत नाही. काकूंची आई धवलारीण होती. तिच्यामागून ती गाणी पूर्ण येणारी घरात एकच बाई उरली होती, काकू. भाऊ फोनवर म्हणाला, "ताय, तू येशील तवाच हळद लागेल."

काकूंनी टोपलीतून माझ्याकडे हिरवं कापड पाठवलं. त्यात चिठ्ठी नव्हती की काही नव्हतं, वर दोरीला मात्र दोन नाही, सात-आठ झटके.

हळदीच्या आदल्या दिवशी काका पाणी प्यायला थांबले, तेव्हा मी विचारलं, "उद्या काकूंना कसं नेणार?"

"मी आणि ती दोघं झालो. तिसरं माणूस बघायला हवं," काका म्हणाले. मग जरा घुटमळून, "तशी गाणी म्हणणं ही काही गरज नाही. हौस आहे. आता मोबाइलवर सगळी गाणी मिळतात."

मी त्यांच्या हातातून पेला काढून घेतला. बोलले असते तर कात्रीचंसुद्धा बोलले असते.

हळदीच्या दिवशी, दुपारी, सगळी इमारत कामाला गेलेली. काका तिसरं माणूस शोधायला जिन्यानं खाली उतरले; माझं मशीन चालू होतं, तर मला कामावरून उठवायला नको म्हणून दाराशी थांबलेसुद्धा नाहीत. मी खिडकीतून बघितलं तर गेटबाहेर जाऊन रस्त्यावरच्या माणसांकडे बघतायत! मी हंसाबेनना फोन लावला. त्या फरसाणाची कढई उतरवून निघाल्या. आम्हाला दोघींना लिफ्ट चालणार नव्हती, पांडेजींची शिट्टी तयार! मग काय, चढलो. हंसाबेन दर मजल्यावर कृष्णाचं नाव घेत होत्या, आणि सहाव्यावर त्यांनी सगळ्या देवांची नावं संपवली. वर दार उघडलं, तर काकू मी शिवलेला हिरवा ब्लाऊज घालून, नाकात नथ, केसांत अबोली, खुर्चीत बसून होत्या. आम्हाला बघून इतक्या हसल्या की नथ हलायला लागली.

"आली का माझी दोन मानसं!"

तिघी लिफ्टमध्ये शिरलो. जाळी लावली, बटण दाबलं. सातवा, सहावा, पाचवा. पाचव्याच्या खाली लिफ्टनं एक लांबलचक आवाज काढला, कुणाचं तरी पोट दुखावं तसा, आणि थांबली. पाचव्या आणि चौथ्याच्या मधोमध.

पंखा नाही, दिवा कसलासा मिणमिणता. हंसाबेननी माझा दंड असा धरला की वळ उठले. तेवढ्यात जिन्यातून काका वर येताना दिसले, धापा टाकत, एकटेच. तिसरं माणूस काही मिळालं नव्हतं. त्यांना आधी जाळीतून आमचे पाय दिसले, मग वाकून बघितल्यावर बायको दिसली.

"अगं, तुम्ही निघालात?"

"निघालो होतो," काकू म्हणाल्या. "तेल न्हाय म्हणून थांबलो."

काकांनी पांडेजींना हाक मारली, सर्व्हिसिंगवाल्याला फोन करायला सांगितलं. तो म्हणाला, येतो, पण वेळ लागेल. काका मटकन पायरीवर बसले. त्यांचं डोकं बरोबर काकूंच्या पावलांशी आलं.

"अवो, एक इचारू?" काकू म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण नेहमीचं हसू नव्हतं. "समोसे खाल्ले त्यांनी सोसायचं. असंच बोललात ना तुम्ही मीटिंगमदी?"

"हो."

"मी कवा खाल्ला समोसा? मी तर वर होते, गुडघे सुजवून. कारंज्याचा थेंब माझ्या अंगावर उडाला न्हाय. मी तुम्हाला फोन करून बोलले, येताना एक समोसा घेऊन या. तुम्ही काय बोललात?"

काका चपलेची पट्टी सारखी करायला लागले.

"बोललात, पार्सल म्हणजे हौस."

हंसाबेननी तोंडावर हात दाबला. रडायला की हसायला, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

"सावंत टावरमदी गेला. समोसेवाले जिने चढतायत आनि खाली जातायत, त्यांचे पाय धड हायत. आनि मना किती दिवस झाले जमिनीला पाय लावून?" मग जाळीला तोंड लावून त्या म्हणाल्या, "आनि एक सांगा. माझ्याशी लगीन केलंत ती गरज का हौस?"

"मंजुळा, आता हे इथं कशाला," काका पुटपुटले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. भाऊ होता. मांडवात सगळी बसलीत, हळद वाटून तयार, नवरी पाटावर, ताय कुठं हाय? आवाज तुटत होता, लिफ्टमध्ये रेंज कुठली. काकूंनी जाळीतून फोन बाहेर काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला. "वर धरा. असा. हलवायचा न्हाय."

आणि गायला लागल्या.

अहो, काय आवाज! पहिल्या ओळीला जरा चिरकला, मग असा मोकळा झाला की लिफ्टची ती विहीर वरपासून खालपर्यंत भरून गेली. त्यांनी गावदेवीला बोलावलं, कुळदेवाला बोलावलं, खाडीला, मिठागराला, गेलेल्या आईला बोलावलं, एकेकाला नाव घेऊन, हळदीला या म्हणून. इमारतीत जी काही म्हातारी-कोतारी होती ती दारं उघडून जिन्यात आली. खाली पांडेजी शिट्टी हातात धरून उभे राहिले. फोनमधून राईच्या बायकांनी सूर धरलेला ऐकू यायला लागला, मग आरडाओरडा, हसणं, ताशा. हळद लागली! हंसाबेन आणि मी त्या एवढ्याशा लिफ्टमध्ये घामानं निथळत एकमेकींना धरून नाचत होतो. लिफ्ट हलायला लागली तेव्हा काका ओरडले, "नाचू नका, बायांनो!" पण फोन धरलेला हात त्यांनी खाली आणला नाही. हात दुखायला लागला तेव्हा दुसऱ्या हाताचा आधार दिला. ते रडत होते. मी स्पष्ट बघितलं, आणि मला तेव्हा तो माणूस भयंकर आवडला.

तेलवाला आला तेव्हा गाणी संपली होती. तेलाचा डबा त्यानं काकांच्या नाकासमोरून नेला, मुद्दाम, अगदी हळू. लिफ्ट चौथ्यापर्यंत आणली आणि म्हणाला आज आणखी खाली नको. मग माझ्या घरातली प्लास्टिकची खुर्ची काढली, काकूंना बसवलं आणि पांडेजी, तेलवाला, हंसाबेनचा मुलगा आणि काका अशा चौघांनी खुर्ची उचलली. काकू प्रत्येक मजल्यावर हात हलवत होत्या, जसं काही पालखीतूनच चालल्यात. खाली आल्यावर त्यांनी आधी जमिनीवर पाय टेकले, मग डॉल्फिन बघितले, जवळून पहिल्यांदाच. "अगं बाय, मासे हायत? आनि माझ्या घरच्यांनी कुनी सांगितलं न्हाय!"

रिक्षावाला पुलावरून पलीकडे राईला यायला नाही म्हणाला, मग हो म्हणाला आणि भलताच भाव सांगितला. आणि ऐका, काकांनी घासाघीस केली नाही. आम्हा दोघींनाही रिक्षात कोंबलं आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर बसले. रात्री परत आले ते नखशिखान्त पिवळे.

पुढच्या मीटिंगमध्ये काका उठले. शर्टाच्या कॉलरला अजून हळदीचा डाग होता. "लिफ्टचा नियम मी मागे घेतो," म्हणाले. "समोसे कुणी खाल्ले आणि जिने कुणाला चढावे लागले, हे मी नीट बघितलं नव्हतं. गच्चीचे पैसे सावंतांकडून वसूल करायला हवे होते, ते मी तुमच्याकडून आणि मंजुळाकडून करत बसलो." एवढं बोलून खाली बसले, आणि बसल्या बसल्या हात लांबवून शेजारचा पंखा बंद केला, कारण त्याखालची खुर्ची रिकामी होती. स्वभाव थोडाच जातो.

आता आमची इमारत पाडायला घेतलीय, जागी नवी होणार. दळवी तोवर राईला, काकूंच्या भावाच्या घरात, तळमजल्यावर. शेवटच्या दिवशी सगळीकडे गोणी, ट्रंका, दोऱ्या. मी माझं शिलाई मशीन चौथ्या मजल्यावर लिफ्टपाशी आणून उभी होते. लिफ्ट वर गेली. थांबली नाही. खाली आली, थांबली नाही. पुन्हा वर. मी म्हटलं, कोण हा मेला?

पुढच्या फेरीला जाळीतून दिसले. काका आणि काकू, दोघंच, भिंतीला टेकून उभे. काकांच्या हातात वर्तमानपत्राचा तुकडा, त्यावर एक समोसा, आणि काकू तो खातायत, चटणी बोटाला लावून. खालून पांडेजींची शिट्टी आली, सवयीनं.

"काका!" मी ओरडले. "ही गरज की हौस?"

लिफ्ट खाली चालली होती, त्यांची डोकी माझ्या पायांपाशी आली होती. काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. काकूंकडे बघितलं.

"हौस," म्हणाले. "पहिल्यापासून हौसच."

काकूंनी चटणीचं बोट त्यांच्या शर्टाला पुसलं. लिफ्ट दिसेनाशी झाली, तळाला टेकली आणि पुन्हा वर यायला निघाली, आणि मी मशीनवर बसून त्यांच्या फेऱ्या संपायची वाट बघत राहिले.